घरातून पहिलेच कॉलेजला निघालात? मग या चुका टाळा

कॉलेजच्या ऑफिसात स्कॉलरशिपच्या खिडकीमागं बसून माझी बरीच वर्षं गेली. ज्यांच्या घरात आधी कुणी बारावीसुद्धा बघितली नाही अशी पोरं-पोरी दरवर्षी येतात, हुशार असतात, काही तर आमच्या प्राध्यापकांना घाम फोडतील अशी. पण अडकतात ती अभ्यासात नाही, कागदात. ज्याचा बाप किंवा मोठा भाऊ शिकलेला असतो त्याला घरीच कुणीतरी सांगतं की बाबा हे आधी कर. यांना सांगणारं कुणी नाही, आणि ही पोरं विचारायला लाजतात. तेच तेच खिडकीतून ओरडून घसा बसलाय, म्हणून लिहून टाकतो.

सगळ्यात मोठा घोळ मोबाईल नंबरचा. आधार काढलं तेव्हा पोरगं पाचवी-सहावीत असतं, मग नंबर बापाचा नाहीतर चुलत्याचा. पुढं महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिपच्या साईटवर, लॉगिन करताना ओटीपी जातो त्या नंबरवर. आमच्याकडं बीड जिल्ह्यातलं एक पोरगं होतं, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला. आई-बाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, दिवाळी झाली की टोळी पश्चिम महाराष्ट्रात. आधारला नंबर बापाचा. हे इथं नेट कॅफेत बसलेलं, आणि बाप तिकडं उसाच्या फडात, फोन खोपीवर बंद पडलेला, कारण चार्जिंगला लाईट मुकादमाच्या ट्रॅक्टरजवळच. पोरानं मुकादमाला फोन लावला, मुकादम म्हणला सांगतो, आणि विसरला. संध्याकाळी बापानं फोन चालू केला आणि आले ते आकडे वाचून दाखवले, पण तो सकाळचा ओटीपी, केव्हाच बाद झालेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बाप कामावर खाडा करून फोन धरून बसला तर इकडं साईट बंद. खाडा केला की मुकादम पैसे कापतो, हे ध्यानात घ्या. पोरगं माझ्या खिडकीशी येऊन म्हणतंय, "सर, ओटीपी येईनाच झालाय, कामून येईना?" अरे येतोय की, तुझ्याकडं येत नाही एवढंच. शेवटी रात्री दहानंतर, साईट जरा हलकी चालते तेव्हा, बापाला खोपीवर थांबायला लावलं आणि सोबत गेलेल्या धाकट्या बहिणीनं आकडे वाचून दाखवले तेव्हा फॉर्म भरला गेला. (त्या पोरीनं त्या वेळी शाळेत असायला पाहिजे होतं, पण तो विषय इथं काढला तर हा लेख संपायचा नाही.)

तर दहावीचा निकाल लागला की आधी आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर टाका. दुसऱ्या कुणाला पाठवून होत नाही, तिथं अंगठा लावायला स्वतःच लागतं. आणि ते सिम मरू देऊ नका. पोरं ऑफर बघून दर सहा महिन्याला सिम बदलतात आणि मग माझ्याकडं रडत येतात.

याच घोळाचा धाकटा भाऊ म्हणजे नेट कॅफेवाला. "दादा, तुम्हीच भरा, मला काय कळत नाही" म्हणून सगळं त्याच्यावर सोडायचं. तो घाईत स्वतःचा मेल आयडी टाकतो, पासवर्ड त्याच्या डोक्यात, पुढच्या वर्षी त्यानं दुकान बंद करून मोबाईल शॉपी टाकलेली असते. फॉर्म त्याच्याकडून भरून घ्या, माझं काही म्हणणं नाही, पण शेजारी बसून बघा. माझी सवय विचाराल तर दोनशे पानी वही. त्यात युजर आयडी, पासवर्ड, अर्ज क्रमांक, तारीख. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलाय म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, मोबाईल फुटतो.

आता जात पडताळणी, म्हणजे व्हॅलिडिटी, जातीचा दाखला खरा आहे असं सरकारी समितीनं तपासून दिलेलं प्रमाणपत्र. इथं पहिल्या पिढीची खरी पंचाईत होते. समितीला जुना पुरावा लागतो, एससी-एसटीला 1950 च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांना 1961, ओबीसीला 1967. लोक पहिल्यांदा काय देतात तर आजोबाच्या शाळेचा उतारा. आणि तुमचा आजोबा शाळेत गेलाच नाही! मग पोरं हातपाय गाळतात. गाळू नका. बापाकडच्या भावकीत बघा, आजोबाचा सख्खा भाऊ, चुलत भाऊ, कुणीतरी दोन इयत्ता का होईना शिकलेला असतो, त्याच्या झेडपीच्या शाळेतला प्रवेश निर्गम उतारा काढा. तहसीलच्या रेकॉर्ड रूमला गाव नमुना 14 मागा, जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यात असतात. आपला मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाकडं होता, त्यामुळं जुने कागद उर्दूत निघतात, ते बघून घाबरून परत ठेवू नका, जाणकाराकडून भाषांतर करून जोडा. आणि भावकीत बापाकडून रक्ताच्या नात्यातल्या कुणाला आधीच व्हॅलिडिटी मिळाली असेल तर अर्धं काम झालं, पण त्यासाठी भावकीशी बोलावं लागतं, बांधावरून भांडण असलं तरी. हे सगळं अकरावीतच सुरू करायचं. बारावीच्या निकालानंतर सुरू केलं तर ॲडमिशनच्या ऐन वेळेला फाईल समितीत आणि तुम्ही रस्त्यावर.

"पैसे द्या, पंधरा दिवसात आणून देतो" म्हणणारा माणूस तुम्हाला समितीच्या गेटवरच भेटेल. एका पोरीच्या वडिलांनी सोयाबीनचे पैसे त्याला दिले. त्यानं फाईलला लावलेल्या उताऱ्यावर खाडाखोड निघाली. दक्षता पथक शाळेत जाऊन मूळ रजिस्टर बघतं हो, त्यांना काय कळत नाही का? वाईट याचं वाटतं की तिच्या चुलत आजोबाचा खरा उतारा गावातच पडून होता, कुणी मागितलाच नव्हता.

बाकीचं भराभर सांगतो. टीसी, आधार, मार्कमेमो यावर नाव एकसारखं पाहिजे, कुठं राव कुठं भाऊ चालत नाही. स्कॉलरशिप आधारला जोडलेल्या एकाच खात्यात पडते, तुम्ही फॉर्मवर कुठलं खातं लिहिलं याला किंमत नाही, तेव्हा बँकेत जाऊन नुसतं "आधार लिंक आहे का" विचारू नका, डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा व्हायला, आधारचं सीडिंग कुठल्या खात्याला आहे ते विचारा.

ॲडमिशन झालं म्हणजे परीक्षेचा फॉर्म आपोआप भरला जात नाही. दर सेमिस्टरला वेगळा भरायचा असतो, ही गोष्ट दरवर्षी कुणाला तरी हॉल तिकिटाच्या दिवशी कळते.

इंजिनिअरिंग-फार्मसीवाल्यांनो, "सीट फुल होतील" असं कुणी घाबरवलं म्हणून मॅनेजमेंट कोट्यात पैसे भरू नका, कॅप राउंडची, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीची, वाट बघा. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसीच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे, उत्पन्न 8 लाखाच्या आत असेल तर, पण मॅनेजमेंटच्या सीटला ती सवलत नाही. एवढी घाई कशाला?

समाजकल्याणच्या हॉस्टेलला नंबर लागला नाही म्हणून शिक्षण सोडून जाणारी पोरं बघितलीत मी. हॉस्टेल न मिळालेल्यांना राहण्या-खाण्याला पैसे देणाऱ्या योजना आहेत, एससी, नवबौद्धांना स्वाधार आहे, ओबीसीला सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. नोटीस बोर्ड वाचत जा.

एटीकेटी लागली, म्हणजे विषय राहिला, तर घरी सांगा. आई-बापाला त्यातलं कळत नाही म्हणून लपवायचं, मग स्कॉलरशिप का थांबली याचं दुसरं खोटं सांगायचं, मग रूमवर तोंड लपवून बसायचं, आणि एक दिवस पोरगं पुण्याला कंपनीत लागलं असं मला त्याच्या मित्राकडून कळतं. विषय एक राहिलेला असतो, फक्त एक.

आणि शेवटच्या तारखेला संध्याकाळी पाचला "सर, दोनच मिनिटाचं काम आहे" म्हणत येऊ नका. सकाळी अकराला या, उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा आणा, झेरॉक्सवर स्वतःची सही करून आणा, आणि स्टेपलर मागू नका, माझा गेल्याच आठवड्यात कुणीतरी नेलाय.