बोअरचं पाणी, पांढरे नळ आणि न शिजणारी डाळ: काहीही विकत घ्यायच्या आधी हे करून बघा

पुण्यातल्या पेठेतनं वाघोलीला राहायला आलो तेव्हा पंधरा दिवसांत आईने कुकर बदलायला लावला, कारण सहा शिट्ट्या झाल्या तरी तूरडाळ दाणा न् दाणा वेगळी. कुकर बिचारा ठणठणीत होता, पाणी बोअरचं होतं. पेठेत खडकवासला-पानशेतचं पाणी, म्हणजे धरणात साठलेला पाऊस, त्यामुळे हलकं. बोअरचं पाणी काळ्या खडकाच्या भेगांतनं झिरपत खाली जातं आणि जाता जाता कॅल्शियम-मॅग्नेशियम उचलतं. हेच जड पाणी, शाळेत याला दुष्फेन पाणी म्हणायचे, तेव्हा पाठ केलं, कळलं आत्ता.

तर सगळ्यात आधी घरात कुठल्या नळाला कुठलं पाणी येतं ते शोधा. बऱ्याच सोसायट्यांत किचनला कॉर्पोरेशनची लाईन आणि बाथरूमला बोअर किंवा टँकर असतो, कधीकधी खालच्या टाकीतच सगळं मिक्स. वॉचमन किंवा प्लंबरला विचारा, कमिटीपेक्षा त्यांना जास्त माहिती असते.

मग साबणाची टेस्ट. रिकामी बाटली अर्धी भरा, त्यात अंघोळीच्या साबणाचा चिमूटभर कीस टाका (वेष्टनावर टीएफएम लिहिलेला साबण घ्या, डिटर्जंटची वडी किंवा शाम्पू नको, ते जड पाण्यातही फेसाळतात), झाकण लावून दणकून हलवा. दुसऱ्या बाटलीत आरओचं पाणी घेऊन तेच करा. एकीकडे भरपूर फेस आणि दुसरीकडे गढूळ पाण्यावर दह्यासारखी साय आली की समजा पाणी जड आहे. हीच साय बादलीला, टाइल्सला आणि केसांना चिकटते.

आता टीडीएस मीटर. ऑनलाईन स्वस्तात मिळतो आणि आरओ विकायला येणारा माणूस तो पाण्यात बुडवून आकडा दाखवून घाबरवतो, पण तो मीटर पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत याचा अंदाज देतो, जडपणा वेगळा मोजावा लागतो. त्यासाठी थेंबांचं हार्डनेस किट येतं, पाणी लालसर रंगावरून निळं होईपर्यंत थेंब मोजायचे, बस. भारतीय मानकात (आयएस १०५००) जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा सोर्सच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात, टीडीएसला हेच आकडे ५०० आणि २०००. किचनला धरणाचं पाणी येत असेल आणि टीडीएस शंभर-दीडशे असेल तर आरओ कशाला? साधा यूव्ही (किरणांनी जंतू मारणारा फिल्टर) पुरतो, आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर सहज ओतून टाकतो. आधीच आरओ असेल तर ते पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरा, कुंड्यांना मात्र नको.

डाळीचं सोपं आहे, शिजवायला आणि भिजवायला दोन्हीला हलकं पाणी घ्या आणि चिंच-आमसूल डाळ शिजल्यावरच घाला, आंबटाने ती अजून अडून बसते. हलकं पाणीच नसेल तर किंचित खायचा सोडा, पण चव बिघडते, मला आवडत नाही.

नळाच्या तोंडाची जाळी हाताने फिरवून काढा आणि व्हिनेगर किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर बुडवा, शॉवरला तेच पाणी पिशवीत भरून रबरबँडने बांधा. फरशी किंवा ओटा संगमरवरी असेल तर तिथे लिंबू-व्हिनेगर लावू नका, चकाकी जाते. आणि ते बाथरूमचं कडक अ‍ॅसिड तर नकोच, नळाचं पॉलिश खातं, शिवाय ब्लीचमध्ये मिसळलं तर विषारी वायू होतो.

गीझरचं जरा नीट ऐका. पाणी जितकं जास्त तापतं तितका क्षारांचा खडा जास्त बसतो, म्हणून थर्मोस्टॅट ६० च्या खाली ठेवा, ५०-५५ ला. कॉइलवर थर बसला की पाणी तापायला वेळ लागतो, आतनं चुरचुर आवाज येतो आणि शेवटी कॉइल जळते. बोअरचं पाणी असेल तर वर्षातनं एकदा मेकॅनिककडनं उघडून साफ करून घ्या आणि तेव्हा आतली मॅग्नेशियमची कांडी संपत आलीय का तेही बघायला सांगा, आपण विचारल्याशिवाय कोणी बघत नाही.

तुरटी फिरवून काही होणार नाही, ती गाळ बसवते, जडपणा नाही. उकळून थोडा कमी होतो, पातेल्याच्या तळाला जी पांढरी पूड बसते ना तोच तो. पूर्ण इलाज म्हणजे सॉफ्टनर, त्यातला रेझिन (बारीक मणी) कॅल्शियम पकडून सोडियम सोडतो, म्हणून टीडीएस तेवढाच दिसतो आणि लोक म्हणतात फसवलं. फसवलेलं नसतं. मात्र त्या रेझिनला वेळोवेळी मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं, आमच्या सोसायटीत दोन महिने मीठच टाकलं नव्हतं आणि नुसत्या यंत्रातनं जडच्या जड पाणी वर चढत होतं, थेंबांच्या किटने पकडलं. बीपीवाले असतील तर प्यायला सॉफ्टनरचं पाणी डॉक्टरांना विचारूनच.

आणि बोअरचं पाणी पीत असाल तर हे घरगुती प्रकार पुरत नाहीत, फ्लोराईड आणि नायट्रेट ना दिसतं ना चवीला कळतं. यवतमाळ, चंद्रपूरकडे फ्लोराईडचा त्रास जुना आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्यात लॅब असतात, तिथे चौकशी करा, आणि बाटली कशी भरायची ते आधी विचारून घ्या.