तारण (पापापासून सुटका) देणारा विश्वास आपल्यात आहे का, कसं तपासायचं

पहिली गोष्ट, "देव आहे हे मी मानतो" एवढ्यावर थांबू नका. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (2:19) सरळ लिहिलंय की भुतंसुद्धा हे मानतात आणि थरथर कापतात, म्हणजे माहिती बरोबर असणं वेगळं आणि येशूवर स्वतःला सोपवणं वेगळं. मग स्वतःला विचारा, माझा भरवसा नेमका कशावर आहे? बाप्तिस्मा झालाय, चर्चला रेग्युलर जातो, घरचे सगळे ख्रिस्ती, हे चांगलंच आहे, पण इफिसकरांस पत्र 2:8-9 म्हणतं की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नाही.

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो, मग सत्कर्मं कशाला करायची? अहो पुढचंच वचन वाचा ना, त्यांच्यासाठीच तर आपल्याला घडवलंय! ती तारणाची किंमत नाही, फळ आहे.

पश्चात्तापही बघा, नुसतं वाईट वाटून रडणं नाही तर पाप सोडून देवाकडे वळणं.

शंका येतात म्हणून घाबरू नका हं. मार्क 9:24 मध्ये मुलासाठी मदत मागायला आलेला बाप येशूला ओरडूनच म्हणाला की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, आणि येशूने त्याच्या मुलाला बरं केलं. येशूचा शिष्य पेत्र, त्याने तर तीनदा येशूची ओळख नाकारली होती, तरी तो परत आला.

तपासायला योहानाचं पहिलं पत्र घ्या, 5च अध्याय आहेत, एका बैठकीत होतं. फक्त वाचताना शेजारच्याला मोजायला बसू नका, करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (13:5) ते लिहिणारा पौल स्वतःची परीक्षा करा म्हणतो.