संगणकात दडलेले बॅकडोअर कसे शोधावे आणि कसे काढावे

रॅन्समवेअर फायली कुलूपबंद करून खंडणी मागते, त्यामुळे ते आल्याचे लगेच कळते. बॅकडोअर, म्हणजे बाहेरच्या माणसाला संगणकात गुपचूप शिरू देणारा छुपा प्रोग्राम, मात्र बहुधा काहीच बिघडवत नाही आणि म्हणूनच ते महिनोन्महिने लक्षात येत नाही. 1998 मध्ये गाजलेले बॅक ऑरिफिस हे साधन संगणकावर 31337 क्रमांकाचे पोर्ट (नेटवर्कवरून ये-जा करण्याचे क्रमांकित दार) उघडून बाहेरच्या माणसाची वाट पाहत बसे. आता राउटर आणि फायरवॉल बाहेरून येणारी जोडणी सहसा आत येऊ देत नाहीत, त्यामुळे आजचे बॅकडोअर स्वतःच ठरावीक वेळाने बाहेरच्या सर्व्हरला हाक मारते आणि मिळालेल्या आज्ञा पार पाडते. त्यासाठी ते बहुधा 443 हेच पोर्ट वापरते. सुरक्षित संकेतस्थळेही त्याच पोर्टवरून चालत असल्याने ही हाक गर्दीत मिसळून जाते.

ते आत शिरते ते मुख्यतः क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून, बिल म्हणून आलेल्या ईमेलच्या जोडपत्रातून किंवा रिमोट डेस्कटॉपच्या कच्च्या पासवर्डमधून. परंतु 2017 मध्ये सीसीक्लीनर या संगणक साफ करणाऱ्या प्रोग्रामच्या 5.33 या अधिकृत आवृत्तीतच बॅकडोअर घुसवले गेले होते आणि ती आवृत्ती वीस लाखांहून अधिक संगणकांवर पोहोचली होती. तेव्हा ‘मी तर मूळ संकेतस्थळावरूनच उतरवले’ एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

विंडोजवर संशय आला, तर आधी दोन मिनिटे पाहणी करावी आणि मगच इंटरनेट तोडावे, कारण चालू जोडणी तुटल्यावर तिचा माग काढणे अवघड होते. (माउसचा बाण आपोआप फिरत असेल, तर मात्र पाहणी वगैरे काही नको, केबल ताबडतोब काढावी, वायफाय बंद करावे.) कमांड प्रॉम्प्ट उघडून नेटस्टॅट ही आज्ञा उणे चिन्हानंतर ए, एन, ओ ही तीन अक्षरे जोडून द्यावी. येणाऱ्या यादीत प्रत्येक जोडणीच्या शेवटी प्रक्रियेचा क्रमांक असतो. ब्राउझर आणि इतर सर्व प्रोग्राम बंद असतानाही एखादी जोडणी ‘एस्टॅब्लिश्ड’ (म्हणजे चालू) दिसली, तर तो क्रमांक टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये शोधून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडावे. समजा नाव ‘एसव्हीसीहोस्ट’ आहे. या नावाची विंडोजची खरी फाइल सिस्टम32 या फोल्डरमध्ये असते. तीच जर ॲपडेटा या वापरकर्त्याच्या फोल्डरमधून चालत असेल, किंवा नीट वाचल्यावर ‘व्ही’ आणि ‘सी’ यांची अदलाबदल झालेली दिसली, तर घुसखोर सापडला असे समजावे. अर्थात अनोळखी दिसणारी प्रत्येक जोडणी संशयास्पद नसते. अपडेट आणि क्लाउड सेवाही मागे चालूच असतात.

आता इंटरनेट तोडावे. इथे बहुतेकांची चूक होते ती अशी, की सापडलेली फाइल पुसली आणि काम झाले असे मानले. बॅकडोअर पुन्हा उभे राहण्याची सोय आधीच करून ठेवते: रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातील) ‘रन’ नोंदी, ठरल्या वेळी कामे चालवणारा टास्क शेड्युलर, मागे चालणाऱ्या सर्व्हिसेस, कधी नवे ॲडमिनिस्ट्रेटर खातेसुद्धा. आपोआप सुरू होणाऱ्या सर्व गोष्टींची यादी दाखवणारे मायक्रोसॉफ्टचे ऑटोरन्स हे मोफत साधन दुसऱ्या संगणकावर उतरवून आणावे आणि मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या नोंदी लपवून उरलेली यादी सावकाश वाचावी. संशयित नोंद लगेच पुसण्याऐवजी तिच्यापुढची खूण काढून ठेवणे बरे, म्हणजे चूक झाली तर ती परत लावता येते.

त्यानंतर विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन सर्वप्रथम ‘एक्सक्लूजन्स’ची, म्हणजे तपासणीतून वगळलेल्या गोष्टींची, यादी पाहावी. हुशार बॅकडोअर स्वतःचे फोल्डर या यादीत टाकून ठेवते आणि मग स्कॅन कितीही वेळा केला तरी निकाल स्वच्छच येतो. आपण स्वतः न घातलेली प्रत्येक नोंद काढून ऑफलाइन स्कॅन चालवावा. त्यासाठी संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण उभे राहण्याआधीच साधारण 15 मिनिटे तपासणी चालते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये स्वतःला लपवणाऱ्या घातक प्रोग्रामला (रूटकिटला) आडोसा मिळत नाही.

तरीही ज्या संगणकावरून बँकेचे किंवा कार्यालयाचे व्यवहार होतात, त्याच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: साफसफाईवर विसंबू नये, विंडोज नव्याने बसवावे. दुसऱ्या, खात्रीच्या संगणकावर किमान 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर इन्स्टॉलर तयार करावा, डिस्कची जुनी सर्व विभाजने (पार्टिशन) पुसावीत आणि बॅकअपमधून केवळ कागदपत्रे व छायाचित्रे परत घ्यावीत, प्रोग्राम नव्हेत.

पासवर्ड बदलायचे तेही दुसऱ्याच उपकरणावरून, आणि सुरुवात ईमेलपासून, कारण इतर खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. प्रत्येक खात्यात ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय आठवणीने वापरावा. चोरलेली कुकी (लॉगिन लक्षात ठेवणारी ब्राउझरमधील छोटी नोंद) हाती असेल, तर काही ठिकाणी नुसता पासवर्ड बदलूनही चोर आतच राहतो. ईमेलमध्ये अनोळखी पत्त्यावर फॉरवर्डिंग लावले गेले आहे का, हेही त्याच बैठकीत पाहून घ्यावे.