जुनी फोर्कलिफ्ट उभी करताना: आधी माप, मग सुटे भाग

गोदरेजने १९६३ साली फोर्कलिफ्ट बांधायला सुरुवात केली. त्या काळच्या गाड्या आजही भंगारात नाहीतर बंद शेडच्या कोपऱ्यात सापडतात. घेणारा पहिल्यांदा सेल्फ मारून बघतो आणि इंजिन धरलं तर खूश होतो. पण इंजिन हा त्यातल्या त्यात सोपा भाग. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत सिम्पसनचं इंजिन असतं, त्याचे लायनर-पिस्टन ट्रॅक्टरचे पार्ट विकणाऱ्याकडे मिळून जातात. घोडं अडतं ते मास्टपाशी, म्हणजे माल वर-खाली नेणाऱ्या समोरच्या उभ्या सांगाड्यापाशी. म्हणून काम तिथूनच सुरू करा.

त्याआधी पाटी शोधा. मॉडेल, सिरियल नंबर, किती वजन आणि किती लोड सेंटरवर (माल उचलणाऱ्या दात्यांच्या, म्हणजे फोर्कच्या, उभ्या भागापासून मालाच्या मध्यापर्यंतचं अंतर), हे सगळं तिच्यावर असतं. रंगाचे थर असतील तर थिनरने हळूच पुसा, ग्राइंडर लावू नका. पाटीच नसेल तर चॅसिसवर नंबर ठोकलेला असतो, तिथे खरवडून बघा.

चाकाला हात लावताना विशेष सांभाळा. हवेच्या टायरची रिम बहुधा दोन तुकड्यांची असते आणि ते तुकडे जोडणारे बोल्ट हबच्या नटांशेजारीच असतात. चुकून तेच सैल केले तर हवेच्या दाबाने रिम उडते आणि समोरचा माणूस मरतो. आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा, मगच पाना लावा. मास्ट वर असताना खाली शिरायचं झालं तर चॅनेलमध्ये, म्हणजे मास्टच्या उभ्या लोखंडी खांबांत, भक्कम टेकू द्या; नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर कधीच नाही.

आता फोर्क वर ओढणारी साखळी. किंचित ताण देऊन, पुलीवरून फिरणाऱ्या भागातल्या १६ कड्या पिनच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. पाऊण इंची पिचला (शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर) नव्या साखळीत हे अंतर ३०४.८ मिमी भरतं. ३ टक्के वाढ, म्हणजे सुमारे ३१४ मिमी झालं की साखळी बाद. बदलायची तर दोन्ही बाजूंची, टोकं धरणाऱ्या अँकर पिनसकट; एकच बदलली तर कॅरेज (फोर्क अडकवलेली चौकट) तिरकं चालतं. आणि साखळीला रंग मारू नका. रंगाने पिनच्या फटी बुजतात, तेल आत जात नाही, आखडलेली कडीही दिसत नाही.

फोर्क जिथे वळतो त्या टाचेला मोजा. उभ्या भागाची जाडी ४० मिमी आणि टाचेला ३६, म्हणजे १० टक्के झीज: फोर्क बदला. वेल्डिंगने भर घालून देणारे भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढे जा. त्या उष्णतेने पोलादाचं हीट ट्रीटमेंट जातं आणि पुढे तिथेच तडा पडतो.

मास्टचे रोलर बेअरिंग मागायला गेलं की दुकानदार त्याच बोराचं (आतल्या भोकाचं) साधं बेअरिंग पुढे करतो. घेऊ नका. मास्टच्या रोलरची बाहेरची रिंग मुद्दाम जाड असते, कारण ती कुठल्या घरात बसत नाही, थेट चॅनेलवर फिरत चालते. साध्या बेअरिंगची पातळ रिंग तिथे फुटते. बोर, बाहेरचा व्यास, रुंदी आणि कडेची गोलाई, अशी चारही मापं व्हर्नियरने घेऊन मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या मशिनरी-पार्ट बाजारात जा. कंपनीच्या नावाने ‘मिळत नाही’ म्हटलेला पार्ट मापाने पुष्कळदा मिळतो.

सिलिंडरच्या सीलचंही तेच, फक्त जुनं सील मोजू नका. ते फुगलेलं असतं. रॉडचा व्यास आणि खाचेची रुंदी-खोली मोजा. तयार सील नसेल तर पॉलियुरेथेनचं मापावर वळून देणारे असतात. रॉडवर गंजाचे खड्डे असतील तर आधी हार्ड क्रोम (क्रोमियमचा कठीण मुलामा), मग सील. नाहीतर नवं सील चार दिवसांत कापलं जातं.

परदेशी बनावटीच्या गाडीत आटे इंचीही असू शकतात. होज फिटिंगमध्ये तर फसगत ठरलेली: अर्धा आणि पाऊण इंचाला बीएसपी (ब्रिटिश) आणि एनपीटी (अमेरिकन) या पाइपच्या आट्यांच्या पद्धती, दोन्हींचे इंचाला १४च आटे. त्यामुळे एक दुसऱ्यात छान बसतं आणि दाब आला की गळतं. टेफ्लॉन टेप गुंडाळून ते थांबत नाही.

शेवटी तेल गरम असताना, पाटीवरचं पूर्ण वजन उचलून गाडी १० मिनिटं उभी ठेवा. फोर्क १०० मिमीपेक्षा जास्त उतरला तर गळती शोधायची. साध्या रॅम सिलिंडरला (ज्यात तेल फक्त एकाच बाजूने ढकलतं) ग्लँडपाशी, म्हणजे रॉड बाहेर येतो त्या तोंडाशी, तेल दिसलं तर पॅकिंग गेलं. ग्लँड कोरडी असूनही लोड उतरत असेल तर सिलिंडर पुन्हा खोलू नका. तेल कंट्रोल व्हॉल्व्हच्या स्पूलमधून (तेलाची वाट बदलणाऱ्या दांड्यापाशी) परत टाकीत जातंय.