मजकूर म्हणून साठवलेल्या तारखा क्वेरीत सरळ करताना

माझ्या हाती आलेल्या टेबलात 'नोंद_वेळ' नावाचा कॉलम होता. दिसायला तारीख-वेळ, पण टाइप व्हारकॅर, म्हणजे साधा मजकूर. क्रमासाठी ऑर्डर बाय लावलं की '०२/११/२०२३' ही नोंद '१५/०१/२०२३'च्या आधी यायची. मजकुराची तुलना डावीकडून एकेका अक्षराने होते. '०' आधी, '१' नंतर, पुढचं कोण बघतो!

मी मायएसक्यूएल या डेटाबेसचं एसटीआर_टू_डेट (मजकुराची तारीख करणारं फंक्शन) लावलं आणि फॉरमॅटमध्ये महिना आधी लिहून बसले. क्वेरी बिनतक्रार चालली. मार्चचे आकडे कमी वाटले, पण धंदा थंड असेल म्हणून मी पुढे गेले. नंतर कळलं, माझ्या 'मार्च'मध्ये बाराही महिन्यांच्या ३ तारखा गोळा झाल्या होत्या. १३ आणि पुढच्या तारखांना तेरावा, चौदावा महिना कुठून मिळणार? त्या सगळ्या नल (रिकाम्या) होऊन गळाल्या.

तेव्हापासून फॉरमॅट लिहिण्याआधी मी साचे मोजते. रेगएक्सपी_रिप्लेसने प्रत्येक अंकाच्या जागी ९ घालायचा, त्यावर ग्रुप बाय करायचं (सारखे साचे एकत्र) आणि काउंट घ्यायचा. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये शेवटचा 'जी' फ्लॅग विसरलात तर फक्त पहिलाच अंक बदलतो. एसक्यूएल सर्व्हर या तिसऱ्या डेटाबेसवर हेच काम ट्रान्सलेट हे फंक्शन करतं. लाखो ओळींमधून '९९/९९/९९९९ ९९:९९:९९', '९९९९-९९-९९' असे चार-पाच साचे हाती लागतात, शिवाय रिकाम्या जागा आणि कुणीतरी टाकलेला 'लागू नाही'.

नुसते १० अंक सलग दिसले तर बहुधा ते १ जानेवारी १९७० (यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ) पासूनचे सेकंद असतात. १३ असतील तर मिलिसेकंद. त्यांना आधी १००० ने भागा. मी एकदा विसरले होते, तर पोस्टग्रेसने साल पन्नास हजारांच्या पुढचं दाखवलं. निदान ती चूक लपून तरी राहिली नाही.

दिवस आधी की महिना आधी, हे साचा सांगत नाही. त्यासाठी पहिल्या दोन अंकांचा मॅक्स काढा, मग पुढच्या दोन अंकांचा. पहिला १२ च्या वर गेला तर दिवस आधी, दुसरा गेला तर महिना आधी. दोन्ही गेले तर दोन ठिकाणचा डेटा एकत्र झालाय. मग अंदाज बांधत बसू नका. कुठली ओळ कुठून आली ते सांगणारा कॉलम शोधा आणि केस (अट) लावून दोघांना वेगळे फॉरमॅट द्या.

रूपांतर त्यामानाने सोपं. पोस्टग्रेसमध्ये टू_टाइमस्टॅम्प, महिन्याला एमएम, मिनिटांना एमआय, आणि २४ तासांच्या घड्याळासाठी एचएच२४. मायएसक्यूएलमध्ये टक्क्याच्या चिन्हापुढचा लहान एम म्हणजे महिन्याचा आकडा, मोठा एम म्हणजे महिन्याचं नाव, आणि मिनिटांना लहान आय. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्राय_कन्व्हर्टला दिवस आधी असेल तर १०३ आणि महिना आधी असेल तर १०१ ही शैली द्या.

'३१/०२/२०२३' सारखी तारीख आली की पोस्टग्रेस १० पासून पुढे अख्खी क्वेरी थांबते. त्याआधीच्या आवृत्त्या ती गुपचूप मार्चमध्ये ढकलत. मला थांबणारंच बरं वाटतं. ट्राय_कन्व्हर्ट मात्र नल देऊन पुढे जातं, म्हणून मूळ मजकूर भरलेला पण नवी तारीख नल, अशा ओळी मोजल्याशिवाय मी उठत नाही. शिवाय दिवसाच्या आकड्यावर एक ग्रुप बाय: १ ते १२ च दिसले तर माझा तोच जुना पराक्रम पुन्हा घडलाय.

हे रूपांतर रोजच्या क्वेरीच्या व्हेअरमध्ये (अटींच्या भागात) ठेवू नका. कॉलमवर फंक्शन चढलं की त्याचा साधा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) सहसा वापरला जात नाही. खऱ्या टाइमस्टॅम्प टाइपचा नवा कॉलम एकदाच भरा आणि इंडेक्स त्यावर करा. जुना कॉलम काही दिवस राहू द्या. एका दिवसाच्या नोंदी हव्या असतील तर बिटवीन (दोन टोकांमधलं) टाळून 'त्या दिवसापासून, दुसऱ्या दिवसाच्या आत' अशी अट लिहा, म्हणजे रात्री २३:५९:५९ नंतरच्या अर्ध्या सेकंदातली नोंदही सुटत नाही.