या चुका टाळा: सर्व्हरबाहेर स्वतःलाच कोंडून घेण्याचे प्रकार

घरातला संगणक अडला तर कीबोर्ड-मॉनिटर जोडून बघता येतं. भाड्याच्या उबुंटू किंवा डेबियन (लिनक्स) सर्व्हरला मात्र एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन करण्याची सोय, हे रोजच्या वापराचं एकच दार असतं, आणि ते बहुतेक वेळा हॅकर नव्हे, आपणच बंद करतो. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं वापरा, मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे. 'सुडो' म्हणजे कमांड रूटच्या, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या, अधिकाराने चालवणं.)

जुनी विंडो लगेच बंद करणं

एसएसएच सर्व्हिस रीस्टार्ट केली तरी चालू सेशन तुटत नाही. म्हणून एसएसएचच्या कॉन्फिगरेशनमध्ये (मुख्य फाइल 'एसएसएचडी_कॉन्फिग') घोळ झाला असला तरी जुन्या विंडोत सगळं आलबेल दिसतं. बदल केल्यावर आधी 'सुडो एसएसएचडी डॅश टी' चालवा. काहीच छापून आलं नाही तर फाइलची भाषा बरोबर आहे. चूक असेल तर ओळ क्रमांकासह सांगितलं जातं. मग 'सुडो सिस्टिमसीटीएल रीलोड एसएसएच'. त्यानंतर दुसऱ्या विंडोतून नव्याने लॉगिन करून पाहा, आणि ते जमलं तरच पहिली विंडो सोडा.

भाषा बरोबर असूनही सेटिंग लागू होत नाही, हा प्रकार जास्त छळतो. मुख्य फाइलमध्ये पासवर्ड लॉगिनला 'नो' लिहिलंय, तरी सर्व्हर पासवर्ड विचारतोच. कारण असं की एसएसएचडी (सर्व्हरवरचा एसएसएच प्रोग्राम) एखाद्या सेटिंगची पहिली सापडलेली किंमत धरतो, नंतरची नाही. उबुंटूत मुख्य फाइलच्या सुरुवातीलाच 'एसएसएचडी_कॉन्फिग डॉट डी' या फोल्डरमधल्या फाइल ओढून घेतल्या जातात, आणि अनेक क्लाउड इमेजमध्ये तिथे क्लाउड-इनिटने (नवा सर्व्हर पहिल्यांदा सेट करणारा प्रोग्राम) 'येस' लिहून ठेवलेलं असतं. खरोखर काय लागू आहे ते 'सुडो एसएसएचडी डॅश टी' सांगते, पण या वेळी टी मोठा. आपली सेटिंग त्याच फोल्डरमध्ये 01 ने सुरू होणाऱ्या आणि 'डॉट कॉन्फ'ने संपणाऱ्या नावाच्या फाइलमध्ये ठेवली की ती आधी वाचली जाते.

उबुंटू 24.04 मध्ये पोर्ट (एसएसएच ज्यावर ऐकतं तो क्रमांक) बदलणाऱ्यांसाठी एक वेगळा खड्डा आहे. तिथे पोर्टवर कान देऊन बसतं ते सिस्टिमडीचं (सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) सॉकेट. त्यामुळे फाइलमध्ये पोर्ट बदलून नुसती सर्व्हिस रीलोड करून भागत नाही. 'सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड' आणि मग 'सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट एसएसएच डॉट सॉकेट', दोन्ही सुडो लावून.

आधी फायरवॉल, मग परवानगी

आधी फायरवॉल चालू करून मग एसएसएचला परवानगी देणं, हा क्रम उलटा आहे. यूएफडब्ल्यू ही सर्व्हरवरची फायरवॉल. 'सुडो यूएफडब्ल्यू अलाऊ ओपनएसएसएच' आधी, 'सुडो यूएफडब्ल्यू एनेबल' नंतर. पोर्ट बदललेला असेल तर ओपनएसएसएचऐवजी तो आकडा द्या, कारण ते नाव फक्त 22 हा एसएसएचचा नेहमीचा पोर्ट उघडतं. क्लाउड कंपनीच्या पॅनेलमधली फायरवॉल निराळी असते, तिथेही तोच पोर्ट उघडावा लागतो.

खात्री नसेल तर सुटकेची दोरी आधी बांधून ठेवा: 'सुडो सिस्टिमडी-रन डॅश डॅश ऑन-ॲक्टिव्ह=5एम यूएफडब्ल्यू डिसेबल'. पाच मिनिटांनी फायरवॉल आपोआप बंद होईल. नवीन लॉगिन जमलं की कमांडने छापलेल्या नावाचा टायमर 'सिस्टिमसीटीएल स्टॉप'ने थांबवा, नाहीतर सर्व्हर उघडाच राहील.

की बरोबर, तरी 'परमिशन डिनाइड'

की (पासवर्डऐवजी लॉगिनसाठी वापरायची किल्ली-फाइल) पुन्हा पुन्हा नवी बनवण्याआधी संदेश नीट वाचा. 'टाइम्ड आउट' आलं तर पॅकेट बहुधा वाटेतच गिळलं जातंय, फायरवॉल बघा. 'रिफ्यूज्ड' म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर बहुधा कोणी ऐकत नाही. 'परमिशन डिनाइड, पब्लिककी' असेल तर दारापर्यंत पोचलात, अडचण बहुधा 'की'मध्ये किंवा फाइलच्या परवानग्यांत आहे.

परवानग्या ('सीएचमॉड' कमांडने द्यायच्या) अशा हव्यात: डॉट एसएसएच फोल्डर 700, त्यातली ऑथोराइज्ड_कीज फाइल 600, आणि होम फोल्डरवर ग्रुपला किंवा इतरांना लिहिण्याची मुभा नको. हे शेवटचं सगळे विसरतात. वेबसाइट चालेना म्हणून कोणीतरी होम फोल्डरवर 'सीएचमॉड 777' (सगळ्यांना सगळी मुभा) मारतं, आणि दुसऱ्या दिवशी की चालत नाही. फाइल सुडोने बनवली असेल तर तिची मालकी रूटकडे राहते. 'सीएचओन'ने ती त्या वापरकर्त्याला द्या. 'सुडो जर्नलसीटीएल डॅश यू एसएसएच'मध्ये 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स' दिसलं तर रोग हाच.

एक अक्षर विसरणं

वापरकर्त्याला डॉकर (ॲप कंटेनरमध्ये चालवणारं साधन) ग्रुपमध्ये घालताना 'यूजरमॉड'ला नुसता मोठा जी दिला तर बाकीचे सगळे जादा ग्रुप पुसले जातात, त्यात सुडो वापरू देणारा 'सुडो' ग्रुपही. छोटा ए आणि मोठा जी एकत्र द्यायचे. ही चूक पुढच्या लॉगिनपर्यंत लपून राहते, म्हणून लगेच 'आयडी' कमांडला वापरकर्त्याचं नाव देऊन ग्रुप तपासा.

एफएसटॅबमध्ये (बूट होताना कोणत्या डिस्क जोडायच्या याची यादी असलेली फाइल) नवीन डिस्क लिहिल्यावर थेट रीबूट करू नका. 'सुडो फाइंडएमएनटी डॅश डॅश व्हेरिफाय' आणि मग 'सुडो माउंट डॅश ए' चालवा. डेटाच्या डिस्कला 'नोफेल' हा पर्याय द्या, म्हणजे ती सापडली नाही तरी बूट पुढे सरकतं. तो नसेल तर सर्व्हर साधारण दीड मिनिट डिस्कची वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये जातो आणि एसएसएच सुरूच होत नाही. मग कंपनीच्या रेस्क्यू मोडमधून (वेगळ्या तात्पुरत्या सिस्टिमवरून बूट करून) मूळ डिस्क माउंट करायची आणि एफएसटॅबमधल्या त्या ओळीपुढे हॅश टाकायचा.