चिकणमातीत एन-मूल्य वाचताना या चुका टाळा

एन-मूल्य स्टँडर्ड पेनिट्रेशन चाचणीतून मिळते: बोअरच्या तळाशी सळयांच्या टोकाला लावलेली नमुना-नळी (सॅम्पलर) हातोड्याने ठोकत ४५ सेंटिमीटर खाली घालतात, आणि शेवटच्या ३० सेंटिमीटरला लागलेले ठोके म्हणजे एन. ते वाचतानाची सर्वांत महागात पडणारी चूक साध्या आकडेमोडीतली आहे. टर्झागी आणि पेक यांच्या १९४८ च्या प्रसिद्ध तक्त्यात एन-मूल्यासमोर दिलेली ताकद ही अनकन्फाइन्ड कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंथ, म्हणजे बाजूने आधार नसलेला नमुना वरून दाबून मोडतानाची ताकद, आहे. अनड्रेन्ड शिअर स्ट्रेंथ (पाणी निचरण्याआधी मातीचा घसरण्याला होणारा विरोध), म्हणजे हिशेबात वापरायचे कोहिजन, तिच्या निम्मे असते. एन ४ ते ८ असलेल्या मध्यम घट्ट मातीसाठी तक्ता ५० ते १०० किलोपास्कल सांगतो. एन ६ आला म्हणून ७५ किलोपास्कल हेच कोहिजन धरले, तर ५.१४ या धारणक्षमता गुणकाने गुणून पायाखालची अंतिम धारणक्षमता सुमारे ३८५ किलोपास्कल येते, प्रत्यक्षात मात्र ३७.५ वरून ती १९३ च भरते. अहवालात ३ लिहिलेला सुरक्षा गुणांक जमिनीत दीडच उरतो. पॉकेट पेनिट्रोमीटरची (नमुन्यात हाताने दाबायच्या छोट्या उपकरणाची) मापपट्टीही बहुधा अनकन्फाइन्ड ताकदच दाखवते, त्यामुळे तेथेही निम्मे करण्यास विसरू नये.

वाळूसाठीची उपरिभार दुरुस्ती (वरच्या मातीच्या वजनानुसार एन-मूल्यात केलेला बदल) चिकणमातीला लावणे ही दुसरी चूक. ती लावू नये. हातोड्याच्या ऊर्जेची दुरुस्ती मात्र टाळता येत नाही. ६३.५ किलोचा हातोडा ७६ सेंटिमीटरवरून पडतो हे खरे असले, तरी दोर आणि कप्पीच्या घर्षणात किती ऊर्जा जाते हे यंत्रागणिक बदलते. सळयांपर्यंत ४५ टक्केच ऊर्जा पोहोचत असेल, तर मोजलेला १० हा ६० टक्के ऊर्जेच्या प्रमाणावर ७.५ होतो, आणि माती 'घट्ट' वर्गातून 'मध्यम घट्ट' वर्गात उतरते.

मुळात या चाचणीचे आणि चिकणमातीचे फारसे जमत नाही. या चाचणीतल्या स्प्लिट स्पून सॅम्पलरची (उभा दुभागून उघडणाऱ्या नमुना-नळीची) भिंत इतकी जाड असते की त्याचे क्षेत्र-गुणोत्तर, म्हणजे भिंतीने व्यापलेल्या क्षेत्राचे नमुन्याच्या क्षेत्राशी प्रमाण, सुमारे ११० टक्के भरते; अविचल नमुन्याच्या पातळ नळीत ते १० टक्क्यांच्या आसपास ठेवतात. ठोक्यांनी भोवतालची माती मळली जाते, छिद्रजलाचा दाब वाढतो आणि संवेदनशील (मळल्यावर ताकद गमावणाऱ्या) मातीत सॅम्पलर सळयांच्या वजनानेच खाली जातो. तेथे एन शून्य आला, तरी न हललेल्या मातीची ताकद शून्य नसते. अशा थरात व्हेन शिअर चाचणीच (मातीत पाती खुपसून फिरवण्याची) घ्यावी. एन-मूल्याला ४ ते ६ ने गुणून किलोपास्कलमध्ये शिअर स्ट्रेंथ काढण्याचा, १९७४ मध्ये स्ट्राउड यांनी मांडलेला संबंधही अतिसंघनित (पूर्वी आजच्यापेक्षा जास्त भार सोसलेल्या), असंवेदनशील मातींवर बेतलेला आहे, आणि त्यातला गुणक प्लॅस्टिसिटी इंडेक्सनुसार (माती किती ओलाव्याच्या टप्प्यात लवचिक राहते त्यानुसार) बदलतो. मऊ गाळाच्या मातीला तो सर्रास लावलेला दिसतो, आणि ते चूकच आहे.

स्पूनमधील नमुना हवाबंद पिशवीत ठेवल्यास ओलावा आणि ॲटरबर्ग मर्यादांसाठी (माती लवचिक व प्रवाही होण्याच्या ओलाव्याच्या मर्यादांसाठी) उत्तम चालतो, परंतु त्यावरून घनता किंवा संघनन (भाराखाली पाणी निघून मातीचे दबणे) काढू नये.

कोन पेनिट्रेशन चाचणीत शंकूच्या आकाराचे टोक जमिनीत सावकाश ढकलून त्याला होणारा रोध मोजतात; तीत ठोके नसले तरी चुका आहेतच. मऊ मातीत टोकाच्या रोधाला छिद्रजल दाबाची दुरुस्ती न करणे आणि १० ते २० दरम्यान बदलणारा कोन गुणक (ज्याने टोकाच्या रोधावरून शिअर स्ट्रेंथ काढतात तो भाजक) स्थानिक नमुन्यांशी न पडताळता एकच धरणे, या त्यांतल्या मुख्य. गाळवट थरात सेकंदाला २ सेंटिमीटर या वेगाने ढकलतानाही पाणी अंशतः निचरते आणि ताकद वाढीव दिसते.

शेवटी नोंदवहीकडे पाहावे. केवळ बेरीज न लिहिता १५ सेंटिमीटरच्या तिन्ही टप्प्यांचे ठोके वेगळे लिहावेत. ते २, ३, ११ असे असतील, तर १४ या एन-मूल्यावर विश्वास ठेवण्याआधी सॅम्पलर उघडून त्याच्या टोकाशी खडा अडकला आहे का, की खाली वेगळा थर लागला आहे, हे तपासावे.